स्वागत संपेपर्यंत पुढे जाता येणार नाही

खल्दूनच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन चौकटी आहेत. एकीत त्याच्या लग्नाचा फोटो आणि दुसरीत 'ऑनलाइन अभ्यासक्रमांचा गुणवत्ता परीक्षक' असल्याचं प्रमाणपत्र. पाहुणा आधी कोणती चौकट बघतो यावरून खल्दून त्याची पारख करतो. त्याची बायको अरीज म्हणते, पाहुणा आधी सोफा बघतो, कारण त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. पण बायकांना प्रमाणपत्राची किंमत कळत नाही असं खल्दूनचं प्रामाणिक मत आहे. ते तो फक्त मनात बोलतो.

तर या खल्दूनवर विद्यापीठानं एक छोटंसं काम सोपवलं. विद्यापीठ आमच्या इर्बिदमधलंच. नाव कशाला घ्यायचं, मला याच गावात राहायचंय. पहिल्यांदाच घरबसल्या पदवी देणार होते आणि त्यासाठी नव्या विद्यार्थ्यांचं पहिलं पान तयार करायचं होतं. विद्यार्थी आत येईल, त्याला चार गोष्टी समजतील, तो पहिल्या धड्याकडे जाईल, एवढंच. आठवड्याभराचं काम.

खल्दूननं मानकांचं जाडजूड पुस्तक काढलं. या पुस्तकाबद्दल त्याला काय वाटायचं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिलंच मानक त्यानं जेवताना, मकलूब्याचा घास हातात तसाच धरून, मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

"'आत येताक्षणी विद्यार्थ्याला कळलं पाहिजे की सुरुवात कुठून करायची.' अरीज, काय वाक्य आहे! जगभरच्या विद्वानांनी डोकी एकत्र करून काढलंय."

"आमच्या शाळेच्या फाटकावर बाण काढलेला होता," अरीज म्हणाली. "तो कुठल्या विद्वानानं काढला होता कोण जाणे. भात गार होतोय."

यात एक घरगुती भाग होता आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. पहिल्या तुकडीत खल्दूनची सासू होती. सासूबाई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. थोरल्या मुलाच्या नावानं सगळे त्यांना उम्म नायेफ म्हणतात, आणि खल्दून 'मावशी' म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं ते परत कुणी दिलंच नाही. सहा मुलं वाढवली, त्यांची लग्नं केली, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि या उन्हाळ्यात नातीच्या बरोबरीनं बसून तौजीहीची, म्हणजे शाळेची शेवटची, परीक्षा पास झाल्या. निकालाच्या दिवशी आमच्या गल्लीत इतक्या गाड्यांचे हॉर्न वाजले की पोलीस बघायला आले आणि बकलावा खाऊन गेले. इतिहास विषयाला प्रवेश मिळाला, तसं मावशींनी बाजारात जाऊन दप्तर आणलं.

"मावशी, ऑनलाइनला दप्तर कशाला?"

"तुझ्या लग्नात तरी घोडा कुठं होता? पण तलवार धरून फोटो काढलास ना?"

फोटो समोरच टांगलेला होता.

पहिलं पान तयार झालं आणि खल्दून ते उपकुलगुरू डॉक्टर शुकरींना दाखवायला गेला. पानावर शिक्षकाचा एक प्रेमळ परिच्छेद, 'सुरुवात इथून करा' असा बाण, आणि मदतीचा फोन नंबर होता. डॉक्टर शुकरींनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, मग वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "खल्दून, बाळा, पाहुणा दारात आला आणि तू त्याला एकदम कामाला जुंपतोस? तुझ्या घरी कुणी आलं तर 'सुरुवात इथून करा' म्हणतोस?"

खल्दूनला ते पटलं. त्यालाच काय, आपल्यापैकी कुणालाही पटलं असतं. आपल्याकडे माणसाला दारात 'अहलन', म्हणजे 'या, या', म्हणायचं, बसला की म्हणायचं, कॉफी देताना म्हणायचं, आणि तो जायला उठला की परत म्हणून खाली बसवायचं. शिवाय मानकांतही 'विद्यार्थ्याला आपलं स्वागत झाल्यासारखं वाटावं' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तर ठरलं, की उपकुलगुरू व्हिडिओवरून स्वागत करतील.

पण कुलगुरू असताना उपकुलगुरूंनी आधी कसं बोलावं? कुलगुरूंचं घेतलं. मग मानव्यशाखेचे अधिष्ठाता. त्यांचं घेतलं तर विज्ञानशाखेचे का नाही, विज्ञान शिकवलं जाणार नसलं म्हणून काय झालं? ग्रंथपाल म्हणाले, "मी काय उकिरड्यावर पडलोय?" त्यांचंही घेतलं. निवृत्त कुलगुरू छातीत दुखत असूनही खास आले. सुरक्षा अधिकारी गणवेशात बसले आणि फाटक बंद झाल्यावर कुणालाही आत सोडणार नाही असं त्यांनी ऑनलाइन विद्यार्थ्यांना बजावलं. एकच सोनेरी खुर्ची, एकच फुलदाणी, माणसं तेवढी बदलत होती. सगळ्यांत शेवटी डॉक्टर शुकरी. "यजमानानं शेवटी बोलावं," ते म्हणाले, आणि स्वतः रचलेली कविता घेऊन बसले. कवितेत ज्ञानाचं गलबत बंदर सोडतं. ते सुटायलाच बराच वेळ लागतो.

यात दोन करामती खल्दूनच्या स्वतःच्या होत्या, ते मला लपवता येणार नाही. स्वागत बघितल्याचा पुरावा परीक्षकांना दाखवता यावा म्हणून सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत बघितल्याशिवाय 'पुढे' हे बटण दाबलंच जाणार नाही, ही व्यवस्था त्याची. आणि विद्यार्थ्यांनी शिस्तीनं वागावं म्हणून, गुरुवारी दुपारच्या नमाजाच्या आत जो पहिलं पान ओलांडणार नाही त्याची जागा आपोआप प्रतीक्षायादीतल्या माणसाला जाईल, हा नियमही त्याचाच. त्या दिवशी तो घरी शीळ वाजवत आला होता.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त ब्रिगेडियर अबू सख्र यांनी त्याला जिन्यात गाठलं आणि त्याच्या मुलाच्या, यमानच्या नावानं हाक मारली. "अबू यमान, आमच्याकडे नवा रंगरूट आला की आम्ही काय द्यायचो माहितेय? बूट! भाषण नाही. पायात बूट चढले की माणसाला कळतं, आपण आत आलो."

"अबू सख्र, ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत," खल्दून जरा वरच्या पट्टीत म्हणाला.

"बूटही मापाचेच असायचे," अबू सख्र म्हणाले आणि आपली कोथिंबिरीची जुडी घेऊन आत गेले.

पान सुरू झालं आणि मदतीचा फोन वाजायला लागला. तो नंबर खल्दूनचाच होता. जर्काचा एक टॅक्सीवाला म्हणाला, "उस्ताद, माझं स्वागत झालं. आता बसू का जाऊ?" मफ्रकहून एक बाई म्हणाली, "ते गणवेशवाले कधी रागावायचे थांबतील? माझं बाळ रडतंय." एकानं नुसतंच विचारलं, "गलबत सुटलं का हो कुणाचं?"

घोटाळा असा होता की फोनवर पान उघडलं असताना कुणाचा कॉल आला तर पान मिटायचं, आणि परत उघडलं की स्वारी पुन्हा कुलगुरूंच्या पायाशी. आता मला सांगा, आपल्याकडे एवढी भाषणं संपेपर्यंत कुणाला फोन येत नाही? एकही विद्यार्थी पलीकडे पोचला नव्हता.

मावशींची तर दैना झाली. त्यांच्या बहिणी चार गावांत, एक कुवेतला, धाकटी लेक अकब्याला दिवस भरत आलेली. गलबत धक्क्यावरून सुटायच्या बेतात असायचं आणि फोन वाजायचा: "उम्म नायेफ, भरल्या कोशा भोपळ्यांना चिंच घालतात का?"

"मावशी, फोन बंद करून बसा ना. नाहीतर माझा लॅपटॉप घ्या," खल्दून काकुळतीला येऊन म्हणाला.

"फोन बंद करायला मी काय मेलेय? पोरगी अवघडलेली आहे तिकडे. आणि लॅपटॉप तुझा. तुझ्या मानकात काय लिहिलंय? विद्यार्थ्याला आपल्या फोनवर सगळं करता आलं पाहिजे. मी वाचलंय."

मानकं घरात दुसऱ्या कुणी वाचल्याचा खल्दूनला आयुष्यात प्रथमच आनंद व्हायला हवा होता. पण त्यानं लॅपटॉप मिटून बगलेत मारला.

बुधवारी सकाळी मावशी दप्तर मांडीवर घेऊन खल्दूनच्या स्वयंपाकघरात बसलेल्या त्याला दिसल्या. रडत नव्हत्या. दप्तराचा पट्टा उलगडत होत्या आणि परत गुंडाळत होत्या. "खल्दून, पोरा," त्या म्हणाल्या, "तेव्हा निदान शाळेच्या आत होते रे. आतून बाहेर काढलं. या वेळी आत जायच्या आधीच काढणार असं दिसतंय." आणि उठून भांडी घासायला लागल्या. खल्दूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम त्याचा, बटण त्याचं, आणि ही बाई त्याला एका शब्दानं दोष देत नव्हती.

तो धावत ऑफिसात गेला. संगणक विभाग म्हणाला, पान बदलायचं तर समितीची मंजुरी लागते. समितीचे अध्यक्ष डॉक्टर शुकरी. डॉक्टर शुकरी म्हणाले, "अवश्य! अर्ज ठेवून जा. समिती ईदनंतर बसेल." खल्दूननं चाचरत विचारलं, निदान आपलं भाषण जरा आटोपशीर... "कुठली ओळ गाळू?" त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की खल्दून माफी मागून बाहेर पडला.

जिन्यात अबू सख्र उभेच होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच ना? जाहा न्यायची."

आपल्याकडे मुलगी मागायची असो की दोन घरांतलं वैर मिटवायचं असो, गल्लीतली वजनदार माणसं जमवून त्या घरी जाहा नेतात. कॉफी येते. जाहेचा म्होरक्या पेला तोंडाला न लावता खाली ठेवतो. मागणं मान्य होईपर्यंत कुणी घोट घेत नाही, आणि पाहुण्यांची कॉफी गार होऊ देणं यासारखी दुसरी नामुष्की नाही. पण एका 'पुढे' बटणासाठी जाहा? खल्दूनला हसावं का पळावं कळेना. तोपर्यंत अबू सख्रनी डॉक्टर शुकरींच्या घरी फोन लावलासुद्धा होता: "आज दुपारनंतर तुमच्याकडे कॉफी प्यायला यायची इच्छा आहे. चार माणसं घेऊन येतोय."

"मीही येणार," वरच्या जिन्यातून मावशी म्हणाल्या.

"उम्म नायेफ, जाहेत बायका येत नाहीत."

"मागणं कुणाचं आहे? माझं. का माझ्या बदली इतिहासाचा पेपरही तुम्हीच देणार आहात?"

अबू सख्रनी सीमेवर पुष्कळ काही बघितलेलं असेल, पण ते त्या वेळी मुकाट्यानं बाजूला झाले.

डॉक्टर शुकरींच्या घरापाशी गाड्या थांबल्या आणि खल्दूनच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणात खुर्च्यांच्या रांगा. डॉक्टरांचे सख्खे भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे, सगळे सुटाबुटात आणि लांब झग्यांत ओळीनं उभे. मधोमध थोरले बंधू हाज्ज मुफ्लिह काठी टेकून. आतून एका बाईनं आनंदाचं लुलुलु सुरू केलं आणि दुसरीनं तिचं तोंड दाबलं. खल्दूनच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. 'कॉफी प्यायला येतोय' या वाक्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, आणि डॉक्टर शुकरींना लग्नाची मुलगी होती.

"नवरामुलगा कोणता?" कुणीतरी कुजबुजलं. सगळ्यांच्या नजरा जाहेवरून फिरल्या आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्यावर थांबल्या, कारण त्यातल्या त्यात तोच तरुण होता. त्याला टक्कल आहे आणि तीन मुलं आहेत. बिचाऱ्यानं टाय सैल केला.

मागे फिरायची सोय राहिली नव्हती. अबू सख्र उठले. त्यांनी देवाचं नाव घेतलं, घराण्याची तारीफ केली, हाज्ज मुफ्लिहनी उलट तारीफ केली. मग वेलचीचा वास दरवळत कडू कॉफी आली. अबू सख्रनी पेला घेतला आणि खाली ठेवला. एकामागून एक सगळे पेले टकटक करत टेबलांवर उतरले. आणि अबू सख्र म्हणाले, "मागणं उम्म नायेफ सांगतील."

मावशी दप्तर खांद्याला लावूनच आल्या होत्या. त्यांनी आपला पेला अबू सख्रच्या पेल्याशेजारी ठेवला. बाईमाणसानं जाहेत पेला ठेवलेला त्या अंगणात कुणी पाहिला नव्हता, मीही नाही.

"डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "तुम्ही घरंदाज माणूस आहात. आत्ता मी आले तशी मला खुर्ची दिलीत. पण तुमच्या विद्यापीठाच्या दारात मी रविवारपासून उभी आहे. आतून सगळे 'या, या' म्हणतात आणि आत कुणीच घेत नाही. उद्या दुपारी तर मला तिथून उठवणार. तुमच्या घरी पाहुण्याला असं दारात उभं करून स्वागत करत राहतात का?"

हाज्ज मुफ्लिहनी हळूहळू मान वळवली. "शुकरी, या बाईंना तू दारात उभं केलंस?"

"दादा, ते... ते संगणकावरचं पान आहे."

"पान असो नाहीतर तंबू. दार ते दार."

डॉक्टर शुकरींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. कॉफीच्या वाफा विरळ होत चालल्या होत्या आणि सगळं घराणं त्या वाफांकडे बघत होतं. "पण कुलगुरूंना मी कसा काढू?" ते जवळजवळ रडवेले होऊन म्हणाले. "ते नाराज होतील. अधिष्ठाते नाराज होतील!" मग त्यांची नजर अंगणापलीकडे गेली. तिथे घराण्याचा मदाफा आहे, पाहुण्यांना बसवायची वेगळी मोठी खोली. डॉक्टर तिकडे बघत राहिले आणि एकाएकी उठून उभे राहिले.

"घराचं दार वेगळं आणि मदाफा वेगळा!" ते ओरडले. "खल्दून, मदाफा बांध! आम्ही सगळे तिथे बसतो. ज्याला भेटायचं असेल तो येईल. ज्याला आत जायचंय तो सरळ आत जाईल!"

खल्दून बघतच राहिला. मानकांच्या अख्ख्या पुस्तकात इतकं सोपं काही नव्हतं.

"आणि समिती, सर?"

"आत्ता समिती म्हणजे मी!" त्यांनी तिथल्या तिथे संगणक विभागाला फोन लावला आणि मग हात पसरून ते वाक्य उच्चारलं ज्यासाठी जाहा जाते: "प्या कॉफी. जे मागायला आलात ते मिळालं."

सगळ्यांनी पेले उचलले. मावशींनी उचलला नाही. "मी आत पोचले की पिईन," त्या म्हणाल्या. हाज्ज मुफ्लिह इतके हसले की काठी पडली.

साखरपुड्यासाठी मागवलेलं कुनाफा मिठाईचं ताट घेऊन डॉक्टरांची मुलगी स्वतः बाहेर आली. सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. सगळ्यांत मोठा तुकडा तिनं मावशींना दिला आणि औषधवाल्याकडे चुकूनही बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी मावशी खल्दूनच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. "मावशी, मी दाखवू का?" "लांब बस." तो लांब, आपला लॅपटॉप घेऊन बसला. नव्या पानावर शिक्षकाचं एक वाक्य होतं, आणि खाली प्रश्न: 'तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?'

मावशींचं बोट तिथेच थांबलं. फोन वाजला, पान मिटलं, अरीजनं झडप घालून कॉल घेतला आणि चिंच घाला म्हणून सांगितलं. मावशींनी पान पुन्हा उघडलं. या वेळी मध्ये कुणीच आलं नाही. त्यांनी एकेक अक्षर दाबलं आणि स्क्रीनवर आलेलं मोठ्यानं वाचलं, सावकाश, शाळेतल्यासारखं.

"'या, फिर्याल. सुरुवात इथून करा.'"

खल्दूनला सासूचं नाव माहीत होतं. लग्नाच्या कागदावर वाचलं होतं. पण इतक्या वर्षांत या घरात ते कुणी उच्चारलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर आता दुसरी नावंही यायला लागली होती. राइद, सीमेवर ड्युटी असते, रात्री अभ्यास करीन. सुहा, मफ्रकहून, बाळ झोपलंय तोवर लिहिते. जर्काचा टॅक्सीवाला मुअताज, गाडी बाजूला लावलीय. नावं येतच होती. हे सगळे त्या दारात उभे होते आणि आपण त्यांना फुलदाणी दाखवत होतो! असं दृश्य खल्दूननं कधी बघितलं नव्हतं.

"कॉफी आण," मावशी म्हणाल्या.

त्यानं उभं राहून, उजव्या हातानं, मोठ्या पाहुण्याला देतात तशी कॉफी दिली. त्यांनी ती प्यायली आणि पुरे म्हणून पेला हलवून परत दिला. आता पहिला धडा, असं खल्दूनला वाटलं. पण मावशींनी पानावरचा मदाफा उघडला आणि डॉक्टर शुकरींच्या नावावर बोट ठेवलं.

"मावशी! आता ती सक्ती नाही!"

"म्हणून तर जातेय. त्या माणसानं भरल्या अंगणात माझं मागणं मान्य केलं. त्याला भेटल्याशिवाय पुढे जाऊ?" त्यांनी आपला फोन टेबलावर उभा केला आणि खल्दूनचा कान धरल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "तू त्या दारात उभा राहा. कुणी वरच्या घरी फोन केला, खालून हाक मारली, तर सांग, फिर्याल वर्गात आहे."

खल्दून दारात उभा राहिला. गलबतानं बंदर सोडलं, वादळातून गेलं, आणि बऱ्याच वेळानं कुठल्याशा किनाऱ्याला लागलं. मावशींनी डोळे पुसले.

"शेवट चांगला केलाय हो त्यानं," त्या म्हणाल्या, आणि दप्तरातून वही काढली.